काही हारपलं का?

तिसऱ्या दिवशी सकाळी पांदणीतून माळाकडे निघाले होते. माझी चाल म्हणजे अशी: नजर कधी झाडाच्या शेंड्याला, कधी पायाखाली, मध्येच थांबायचं, दोन पावलं मागं यायचं, वाकून काहीतरी बघायचं आणि पुन्हा निघायचं. बांधापलीकडे ज्वारीची काढणी चालली होती. त्यातल्या एका काकूंनी कंबर सरळ केली, तोंडावरचा पदर खाली ओढला आणि आवाज दिला, "काय हुडकायलीस गं माय? काही हारपलं का?"

"नाही काकू. असंच. फिरायलेय."

"असंच?" त्यांनी माझ्या कानांकडं बघितलं. दोन्ही कुड्या जागेवर होत्या. मग गळ्याकडं बघितलं. मोबाईल हातातच होता. तरीही त्या बांध ओलांडून अलीकडं आल्या, मी उभी होते तिथलं वाळलं गवत पायानं सारून सारून बघितलं आणि म्हणाल्या, "सोन्याचं असलं तर उन्हात चमकंल. ऊन जरा वर येऊ दे, मग बघ." एवढं सांगून त्या परत ज्वारीत शिरल्या. मी काही बोलले नाही. पुढं माळावर पोचले तरी खाली वाकायचा धीर होईना. वाकले की वाटायचं, खरंच आपलं काहीतरी पडलंय आणि आपल्यालाच ते माहीत नाही.

रजेचं कारण सांगायलाही जरा लाजच वाटते. मागल्या वर्षीच्या नऊ रजा ३१ मार्चच्या आत घेतल्या नाहीत तर बुडतील, असा ऑफिसातून मेल आला. बुडणारी गोष्ट वाचवायची म्हणून मी रजा टाकली. मुलाची परीक्षा होती, नवऱ्याचं ऑडिट होतं, म्हणजे कुठं जायचं तर एकटीनंच. मग गावी आले, अंबाजोगाईच्या अलीकडे, बालाघाटाचं पठार जिथं एकदम दरीत उतरतं त्या कडेला. आईनं दारातच विचारलं, "काय झालं?" वहिनी म्हणाली, "वन्सं, आत्ता कसं काय?" त्यांचंही बरोबर होतं. फाल्गुनात माहेरी कोण येतं? दिवाळीला यावं, मे महिन्यात यावं, लग्नकार्याला यावं. शिक्षणासाठी गाव सोडलं त्याला तीस वर्षं झाली आणि या तीस वर्षांत मी फाल्गुनातलं शिवार एकदाही पाहिलं नव्हतं. त्याआधीही पाहिलं असेल असं नाही. शाळेत असताना फाल्गुन म्हणजे परीक्षा. पुस्तकातून मान वर काढली की एकदम उन्हाळाच दिसायचा.

आमच्याकडे वसंत कुणी म्हणतही नाही. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' करत निघून जाते, आणि दुसऱ्या दिवशीपासून लोक म्हणतात, उन्हाळा लागला. पंचांगाच्या हिशेबानंही फाल्गुन शिशिरातच मोडतो, वसंत चैत्रापासून. पण पळसाला पंचांग कोण वाचून दाखवणार? सकाळी सहाला अंगावर शाल लागते, अकराला डोक्यावर पदर, आणि दुपारी दोनला अंगणातल्या फरशीवर पाय ठेवता येत नाही. या तीन ऋतूंच्या फटीत सकाळी सहा ते नऊ असा जो काही वेळ सापडतो, तोच आमचा वसंत. रोज तीन तासांचा.

माळाच्या टोकाला गेलं की खाली दरी दिसते. सागाची पानं गळून उतार तपकिरी झालेला, धावड्याच्या फांद्या उघड्या, आणि त्यात मध्ये मध्ये पळस. लांबून बघितलं तर कुणीतरी धुणं वाळत घातलंय आणि ते वाऱ्यानं उडून झाडाझाडांत अडकलंय असं वाटतं. जवळ गेल्यावर मात्र आधी फूल दिसत नाही, काळी कळी दिसते. तपकिरी-काळी, मखमलीसारखी लव असलेली, बोटानं चोळावीशी वाटणारी. आणि त्या काळ्यातून हा शेंदरी बाक बाहेर आलेला. वास अजिबात नाही. हे मला लहानपणापासून फसवणूक वाटत आलंय, एवढा रंग आणि वास नाही म्हणजे काय? 'कुठेही जा, पळसाला पानं तीनच' असं आपण उठताबसता म्हणतो, पण फुलाच्या दिवसांत त्याला एकही पान नसतं, हे कुणी सांगत नाही. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, 'हा पोपट तर नव्हे?' फुलाची चोच बघून कुणालातरी प्रश्न पडला आणि त्या प्रश्नाचंच नाव होऊन बसलं. त्या तिसऱ्या दिवशी हे आठवलं तेव्हा हसू आलं. त्या माणसाला तरी कुणी विचारलं असेल का, सकाळी सकाळी झाडाखाली उभा राहून काय हुडकायलास?

माझं नेहमीचं फिरणं पुण्यातलं. वेताळ टेकडीवर सकाळी शेकडो लोक विनाकारण चालत असतात आणि कुणी कुणाला विचारत नाही. तिथं हात मोकळे ठेवून चालणं हीच रीत आहे, त्यासाठी वेगळे बूट मिळतात, मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतं. गावात मी ते घड्याळ दुसऱ्याच दिवशी काढून ठेवलं. भावाच्या मुलानं विचारलं, "आत्या, हे काय मोजतं?" मी म्हटलं, "पावलं." तो म्हणाला, "मग?" त्या 'मग'ला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

कारण आमच्या घरात विनाकारण कुणीच चाललेलं मला आठवत नाही. मी स्वतः चालले ती डोक्यावर भाकरीचं टोपलं घेऊन, दादांना रानात डबा न्यायला. येताना मोकळ्या हातानं यायचं नाही, ही आजीची शिस्त. सरपण आण, घोळ आण, गेलाबाजार दोन गवऱ्या तरी उचलून आण. दादा रात्रीच्या लायटीला पाणी धरायला जायचे, अंधारात, हातात बॅटरी आणि काठी. दिवसा ते बांधावरून चालले तरी चालता चालता दगड उचलून ताली-पलीकडं टाकायचे, पायानं धस मोडायचे, वाकून मातीचं ढेकूळ चिमटीत फोडून बघायचे. मी त्यांना विचारायची, दादा, सारखं वाकून काय बघता? ते म्हणायचे, ओल. आता माझ्या लक्षात येतं की माझी ती मागंपुढं, वाकत-थांबत चालायची ढब त्यांचीच आहे. फक्त ते ओल बघायचे आणि मी मोबाईलमध्ये फोटो काढते.

चौथ्या दिवशी मी एक लबाडी केली.

गोठ्याच्या वळचणीला खोचलेला विळा घेतला, खांद्यावर एक रिकामं पोतं टाकलं आणि निघाले. काय सांगू, गावात एकानंही विचारलं नाही. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी मान हलवली, दूधवाल्यानं गाडी बाजूला घेऊन वाट दिली. मी त्या विळ्याच्या जोरावर सरळ दरीच्या कडेपर्यंत गेले, पोत्यावर बसून तासभर तांबट ऐकला आणि परत आले. तांबट हा पक्षी दिसायला मुठीएवढा, आवाज मात्र तांबटआळीतल्या हातोडीसारखा, टुक् टुक् टुक्, एका लयीत, श्वास न घेता. ऊन तापायला लागलं की त्याचं दुकान उघडतं. दिसत नाही, नुसता ठोकत असतो. परत येताना लाज वाटायला लागली, म्हणून पोतं भरायला दोन मुठी गवत कापलं. तेही वाळलेलं. वहिनीनं ते बघून काही न बोलता गायीपुढं टाकलं आणि गायीनं काही न बोलता तोंड फिरवलं.

आणि वाटेत काकू भेटल्याच. विळा बघून त्या फसल्या नाहीत. बांधावरूनच ओरडल्या, "घावलं का गं?"

"नाही अजून," मी म्हणाले. हे कसं तोंडातून गेलं कळलं नाही. पण त्यानंतर रोज हाच संवाद. घावलं का? नाही अजून. चौथ्याला, पाचव्याला, सहाव्याला. सहाव्या दिवशी त्यांच्याबरोबरच्या बायकाही विचारायला लागल्या. काय हारपलंय ते मात्र कुणीच विचारत नव्हतं. बहुतेक त्यांच्यात ते ठरून गेलं होतं.

पाचव्या दिवशी मी त्यांच्यासोबत ज्वारी काढायला उतरले. धर्म म्हणून नव्हे, नुसतं बघत राहणं असह्य झालं म्हणून. आमच्याकडची शाळू ज्वारी मुळासकट उपटतात. काळी माती वाळून फुटाफुटाच्या भेगा पडलेल्या, आणि धाट त्या मातीनं गच्च धरलेलं. दोन्ही हातांनी धरून, पाय रोवून, झटका द्यायचा. काकू बोलता बोलता उपटत होत्या, मागं पेंढ्यांची रांग पडत होती. मी वीस मिनिटं टिकले. तळहाताला दोन फोड आले, पाणी भरलेले, तांबूस. त्या म्हणाल्या, "जा तू, हिंड. तुझ्यानं हे व्हायचं नाही, अन् ते आमच्यानं व्हायचं नाही." वाक्य खोचक होतं की खरंच कौतुकाचं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. करडईला तर त्यांनी मला हातच लावू दिला नाही. करडई भल्या पहाटे काढतात, दवानं काटे नरम असतात तोवर. ऊन चढलं की तिला शिवायचं नाही. म्हणजे मी ज्या वेळेला 'रम्य सकाळ' म्हणून घराबाहेर पडत होते त्या वेळेला त्यांचं निम्मं काम उरकून काटे पुन्हा ताठ होत आलेले असायचे.

तळहाताची ती आग मला कुठून तरी ओळखीची वाटत होती. रात्री आठवलं, हरभऱ्याची आंब. आजी थंडीच्या दिवसांत रात्री हरभऱ्याच्या ताटव्यावर धुतलेलं मलमलचं फडकं पसरून ठेवायची आणि पहाटे ते दवानं भिजलेलं फडकं वाटीत पिळायची. ती आंब पोटदुखीवर. हरभऱ्यातून अनवाणी चाललं की पायाच्या भेगांत ती झोंबायची, चप्पल घातली तर चप्पल खायची. एका सकाळी माझ्या नव्या, शाळेच्या बुटांचा रंग तिनं घालवला होता आणि मी रडले होते. आता शेजारच्या रानात एका पट्ट्यात उशिरा पेरलेला हरभरा हिरवा होता. मी वाकून पान चाटलं. आंबट, खारट, जिभेच्या टोकाला सुई. आजूबाजूला कुणी बघत नाही ना, हे मात्र आधी पाहून घेतलं.

या सगळ्यात माझ्या जिवाला खरा लागलेला प्रकार म्हणजे भोरड्या. काळं डोकं, काळे पंख आणि मधलं अंग फिकट गुलाबी. ज्वारी निसवली की यांचे थवे उतरतात, शेकड्यांनी, हजारांनी, आणि एका दिवसात कणसं मोकळी करतात. लहानपणी मचाणावर उभं राहून गोफण फिरवणं, पत्र्याचा डबा बडवणं, 'हाऽऽ' करून घसा बसवून घेणं हे आमचं पौषातलं काम. भोरडी म्हटलं की शिवीच. आणि आता, ज्वारी कापली गेल्यावर, त्याच भोरड्या माळावरच्या पळसावर आणि काटेसावरीवर येऊन बसल्या होत्या. चोची फुलात बुडवून मध पीत होत्या, भांडत होत्या, कलकलाट तर असा की झाडच बोलतंय वाटावं. तोंडाला पराग लागून पिवळ्या झालेल्या. त्यांना पळसमैना असंही नाव आहे, पण आमच्याकडे ते कुणाच्या तोंडी नाही. ज्यानं पीक गमावलं तो असलं गोड नाव कशाला ठेवेल? संध्याकाळी त्या थव्यानं वर उठतात, आभाळात एक चादर झटकल्यासारखं होतं, चादर दुमडते, उलगडते, काळी होते, विरते. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. आणि उजवा हात, माझ्या नकळत, गोफण धरल्यासारखा वळला होता.

चैत्र सरता सरता या निघून जातील, पार मध्य आशियाकडे, तिथं घरटी करायला. आमच्या गावची माणसं तोवर परतू लागलेली असतील. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं, मुकादमाची उचल घेऊन, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. 'अमक्याचे किती कोयते गेले' अशी इकडं माणसं मोजतात. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि शेळ्या. फिरताना मला शिवार 'शांत' वाटत होतं, तसं मी पहिल्या दिवशी नवऱ्याला फोनवर सांगितलंही. नंतर काकूंच्या घरावरून जाताना कडीला लावलेलं कुलूप दिसलं, लेकाच्या खोलीचं, गंज चढलेलं, तेव्हा ती शांतता कशाची आहे ते कळलं. काकूंचा लेक आणि सून दोघंही गेलेत. "पाडव्यापर्यंत येतेल," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "कारखाना बंद पडला तर." म्हणजे गाळप संपलं तर. त्यांच्या वसंताची वेळ कारखान्याचा भोंगा ठरवणार.

सातव्या दिवशी दुपारून ढग आले. पश्चिमेला कापसासारखे, मग राखाडी, कडेला चांदीची किनार. मी गच्चीवर जाऊन फोटो काढायला लागले. खाली बघते तर अंगणात भाऊ उभा, तोही आभाळाकडेच बघत होता, पण त्याचा चेहरा बघून मी मोबाईल खिशात टाकला. २०१४ च्या फाल्गुनात मराठवाड्यावर गारा कोसळल्या त्या दिवशी मी पुण्यातून त्याला फोन केला होता. तो काही बोललाच नाही, त्यानं नुसता फोन पत्र्याखाली धरला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. काढणीला आलेलं पीक घरात आल्याशिवाय इथं आभाळ सुंदर म्हणायचं नसतं. रात्री दहाला वारा सुटला, ढग पांगले, भाऊ जेवायला बसला. मी ताट वाढलं तेव्हा म्हणाला, "फोटो चांगला आला का?" त्यात टोमणा नव्हता. म्हणून जास्त लागलं.

आठव्या दिवशी सकाळी काकू काढणीच्या रानात नव्हत्या. माळाच्या चढावर, माझ्याच वाटेवर, माझ्याच चालीनं फिरत होत्या: थांबायच्या, वाकायच्या, मागं यायच्या. मी लांबूनच ओळखलं. आता मला विचारायची पाळी होती.

"काही हारपलं का, काकू?"

"काळी शेळी, माय. गाभण हाय. रातीला दावं तोडून गेली." आवाज चिरकला होता. "तू तर रोज हिंडतीस इकडं. दिसली का कुठं?"

मी आठवायला लागले. काल संध्याकाळी इथूनच गेले होते. पळस आठवला, त्याच्या कुठल्या फांदीवर किती भोरड्या होत्या तेही आठवलं, ढगाची किनार आठवली. शेळी नाही. मोबाईल काढून दोघींनी फोटो बघितले, एक एक करून, आठ दिवसांचे. काकू स्क्रीनला नाक लावून बघत होत्या. "हे काय? पळसच पळस," त्या म्हणाल्या. "शेळ्या काय कमी हायत का शिवारात, एकबी कशी नाही यात?"

मग आम्ही निघालो. त्या पुढं, मी मागं. काकू जमिनीकडं बघून चालत होत्या, लेंड्या, तुटलेला पाला, खुराची खूण. एका ठिकाणी बोरीची खालची डहाळी ओरबाडलेली दिसली, तिथून त्या उजवीकडं वळल्या. ओढ्यात उतरलो. ओढा कोरडा, मधल्या एका खळग्यात हातभर हिरवट पाणी, त्यावर मधमाश्या. वर चढताना थप्प असा आवाज आला, जरा वेळानं पुन्हा थप्प. काटेसावरीची फुलं पडत होती. ती पळसाच्या फुलासारखी अलगद गळत नाहीत, जड असतात, मांसल, ओली चप्पल पडल्यासारखी पडतात. त्या आवाजाच्या रोखानं गेलो तर झाडाखाली लाल सडा आणि त्यात मधोमध काळी शेळी, फुलं चघळत, एखाद्या लग्नघरच्या विहिणीसारखी निवांत. गळ्यात तुटकं दावं. वर भोरड्यांचा गोंधळ, त्या फुलं पाडत होत्या आणि ही खाली खात होती.

काकूंनी तिचा कान धरला आणि तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग तिच्या पोटावरून हात फिरवला, दोन्ही बाजूंनी, हळू, दाबून दाबून बघत. मग जरा वेळ खोडाजवळ, काटे चुकवून, खाली बसल्या. आठ दिवसांत मी त्यांना बसलेलं पहिल्यांदाच पाहत होते. वर बघून म्हणाल्या, "लई फुललीय ह्या साली." एवढंच. मिनिटभरानं उठल्या, पदर कमरेला खोचला. रानात बायका वाट बघत होत्या, गुत्तं घेतलेलं काम, एक दिवस मोडला तर सगळ्यांचा हिशेब बिघडणार. त्यांनी तुटक्या दाव्याला गाठ मारली आणि टोक माझ्या हातात दिलं.

"धर. घराकडंच चाललीस ना? वसरीत बांध हिला."

शेळी सरळ चालेल तर शपथ. दर दहा पावलांवर थांबायची, बांधावरचं काहीतरी हुंगायची, दोन पावलं मागं यायची, मान वाकवायची. मी ओढून बघितलं, मग सोडून दिलं आणि ती थांबेल तिथं थांबत राहिले. फोडावर दावं घासत होतं. ऊन चढलं होतं, नऊ वाजून गेले होते. तिच्या ओठाच्या कडेला सावरीची लाल पाकळी चिकटली होती, ती गाव येईपर्यंत पडली नाही. वाटेत दूधवाला भेटला, पारावरची दोन म्हातारी माणसं भेटली, शाळेला निघालेली पोरं भेटली.

कुणीच काही विचारलं नाही.